दातांचा डॉक्टर व्हायचंय: कोकणातल्या वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बीडीएससाठी, म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या पदवीसाठी, वेगळी प्रवेश परीक्षा असते का, असं बऱ्याच पत्रांत विचारलं आहे. नसते. एमबीबीएस आणि बीडीएस या दोन्हींसाठी नीट-यूजी ही एकच परीक्षा. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला वजा १, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. ‘ब’ विभागातले प्रश्न निवडून सोडवायची मुभा २०२१ साली आली होती, ती २०२५ पासून गेली. त्यामुळे मोठ्या भावंडांची जुनी सराव पुस्तकं घरात असतील तर त्यातली २०० प्रश्नांची मांडणी विसरा, प्रश्न मात्र जरूर वापरा. पुढच्या वर्षी काही बदललंय का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत अर्ज भरण्याआधी बघायचं.

प्रश्न: अकरावी झाली, आता बारावी सुरू आहे. कॉलेजात बालभारतीची पुस्तकं शिकवतात आणि नीटसाठी सगळे एनसीईआरटी वाच म्हणतात. दोन्हींचे धडे जुळत नाहीत. अभ्यास दोनदा करायचा का?
(विद्यार्थिनी, देवगड)

उत्तर: दोनदा नाही करायचा. पण कुठला धडा कुठे आहे याची जुळणी आधी कागदावर मांडायला हवी. ती कुणाची तयार घेऊ नकोस, स्वतः कर. एक संध्याकाळ पुरते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या संकेतस्थळावर नीटचा अभ्यासक्रम आहे, तो समोर ठेव. वही आडवी धरून तीन रकाने पाड: घटक, एनसीईआरटीत कोणत्या इयत्तेला, बालभारतीत कोणत्या इयत्तेला.

मांडायला बसलीस की लगेच दिसेल की दोन्हीकडची अकरावी-बारावीची वाटणीच वेगळी आहे. श्वसन आणि रक्ताभिसरण, चेतासंस्था आणि संप्रेरकं हे बालभारतीत बारावीला आहे, एनसीईआरटीत अकरावीला. घूर्णन गती, द्रवांचे गुणधर्म, उष्मागतिकी यांचंही तसंच. रसायनशास्त्रात आयनिक समतोल बालभारतीत बारावीला येतो, एनसीईआरटीत अकरावीला. म्हणजे बारावीच्या वर्षात बोर्डाचा अभ्यास करता करता एनसीईआरटी अकरावीचा मोठा भाग आपोआप होतो. हे धडे कॉलेजात चालू असतील त्याच आठवड्यात एनसीईआरटीचा तो धडा वाचायचा. मग दोनदा अभ्यास होत नाही, एकाच अभ्यासाची उजळणी होते.

खरा धोका उलट बाजूला आहे. भिंगं, आरसे, प्रिझम हा किरण प्रकाशिकीचा भाग बालभारतीत अकरावीला शिकवून होतो. बारावीच्या बोर्डाला तो नसतो, म्हणून कॉलेजात पुन्हा कुणी उघडत नाही. नीटला मात्र तो येतो. राज्य मंडळाच्या मुलांचा हा धडा हमखास कच्चा राहतो, आणि तोही धडा कठीण आहे म्हणून नाही, वर्षभर हात लागलेला नसतो म्हणून. तुझ्या तक्त्यात ‘बालभारती अकरावी, एनसीईआरटी बारावी’ अशी ओळ दिसेल तिथे लाल खूण कर आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी ते धडे राखून ठेव.

काही धडे फक्त बोर्डापुरते आहेत. घन अवस्था आणि बहुवारिकं २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमात नाहीत. त्यांचा अभ्यास बोर्डाच्या आधी कर, नीटच्या सरावात त्यांच्यावर वेळ घालवू नकोस. त्याच वेळी पचनसंस्थाही गेली. दंतसूत्र त्याच धड्यात होतं. ते आता बीडीएसच्या पहिल्या वर्षीच भेटेल.

एनसीईआरटीचं जीवशास्त्र वाचायची एक पद्धत सांगतो. धडा वाचताना अधोरेखित करू नकोस. सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पान पिवळं होतं. त्याऐवजी प्रत्येक परिच्छेदातून एक प्रश्न तयार कर आणि तो समासात पेन्सिलीने लिही. हृदयाचा परिच्छेद घे. एसए नोड उजव्या अलिंदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, एव्ही नोड त्याच अलिंदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. प्रश्नपत्रिकेत यातला फक्त ‘डाव्या’ हा शब्द बदलून येतो, आणि ‘डावा’ म्हटल्यावर घाईत डावं अलिंद डोळ्यांसमोर येतं. समासात ‘एव्ही नोड कुठल्या अलिंदात? कुठल्या कोपऱ्यात?’ असे दोन तुकडे लिहिलेले असतील तर उजळणीच्या वेळी धडा वाचावाच लागत नाही, प्रश्नांची उत्तरं देत जायचं. अडलं तरच परिच्छेद. आकड्यांचंही असंच: एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, गुणाकार ५०४० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ५ लिटर. असा जोडलेला आकडा विसरत नाही. एखादा आकडा दोन पुस्तकांत वेगळा दिसला तर बोर्डाला बालभारतीचा, नीटला एनसीईआरटीचा.

प्रश्न: भौतिकशास्त्राची सूत्रं तोंडपाठ आहेत. पण गणित समोर आलं की कुठलं सूत्र लावायचं तेच कळत नाही. जीवशास्त्रात मिळवलेले गुण इथे जातात.
(विद्यार्थी, गुहागर)

उत्तर: सूत्र पाठ असणं आणि ते कधी चालत नाही हे माहीत असणं यात फरक आहे. प्रत्येक धड्याचं एकच पान कर. डावीकडे सूत्र, मधे प्रत्येक अक्षराचा अर्थ आणि एकक, उजवीकडे ‘केव्हा लावू नये’. गतीची तीन समीकरणं त्वरण स्थिर असेल तेव्हाच चालतात. त्वरण वेळेबरोबर बदलतं असं प्रश्नात असेल तर ती बाजूला ठेवायची आणि संकलन करायचं. उजवा रकाना भरताना जो धडा अडेल तो तुझा कच्चा धडा.

दुसरं, चिन्हं. एक साधं गणित कागदावर करून बघ. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंटिमीटर, वस्तू ३० सेंटिमीटरवर. प्रतिमा कुठे? वस्तूचं अंतर वजा ३० धरलं तर एक छेद २० वजा एक छेद ३०, म्हणजे एक छेद ६०. उत्तर ६० सेंटिमीटर. चिन्ह विसरलास तर एक छेद २० अधिक एक छेद ३०, म्हणजे एक छेद १२, आणि उत्तर १२ सेंटिमीटर. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक माहीत असते, त्यामुळे पर्यायांत ६० बरोबर १२ सुद्धा असतो. तुझं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर आहे, असं म्हणूनच धरून चालू नये. इथे एक पडताळा हाताशी असतो: वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीच्या मधे आहे, मग प्रतिमा दुप्पट नाभीच्या पलीकडे, म्हणजे ४० च्या पुढेच हवी. १२ तिथेच बाद होतो. असे आकडे न वापरता करायचे पडताळे प्रत्येक धड्यात दोन-तीन असतात. ते सूत्रांच्या पानावर खाली लिहून ठेव.

आकडेमोडीचा सराव वेगळा कर. गणकयंत्र नसतं आणि कच्चं काम प्रश्नपुस्तिकेतल्या मोकळ्या जागेतच करायचं असतं. वर्गमूळ २ म्हणजे १.४१, वर्गमूळ ३ म्हणजे १.७३, पायचा वर्ग साधारण १०. प्रकाशविद्युत परिणामात प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांचा गुणाकार दर वेळी करत बसू नकोस. इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि नॅनोमीटरमध्ये तो १२४० धर. कार्यफल २.४८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट दिलं असेल तर सीमांत तरंगलांबी १२४० भागिले २.४८, म्हणजे ५०० नॅनोमीटर. दहा सेकंदांचं काम. आणि आकडेमोडीच्या आधी पर्याय बघ: ते एकमेकांपासून लांब असतील तर दशांशात शिरायची गरजच नसते.

रोज १५ ते २० गणितं पुरेत, पण ती सोडवलेली हवीत, वाचलेली नव्हेत. अडलं तर दहा मिनिटं झगड, मग उत्तर बघ, पुस्तक मीट आणि पहिल्या ओळीपासून स्वतः पुन्हा लिही. हे पुन्हा लिहिणं बहुतेक मुलं गाळतात, आणि तेच गणित महिन्याभराने पुन्हा अडतं.

प्रश्न: मुलीला लातूरला ठेवावी, असं सगळे नातेवाईक सांगतात. गावात राहून ही परीक्षा निघते का? आमच्याकडे पावसात लाईट जाते, नेटही धड चालत नाही.
(पालक, लांजा)

उत्तर: बाहेरच्या क्लासमधून तीन गोष्टी मिळतात: वेळेवर चाचण्या, अडलेलं विचारायला माणूस आणि दिवसाचा आखलेला वेळ. या तिन्ही घरी जमत असतील तर घर सोडायची गरज नाही. पहिली टपालाने येणाऱ्या चाचण्यांच्या संचांतूनही जमते. तिसरी घरातल्यांच्या हातात आहे: सहा तास एकाच जागी, अभ्यासाच्या वेळी दुकानावर किंवा बागेत हाक न मारता. दुसरीचाच प्रश्न असतो, आणि तोही बहुतेक भौतिकशास्त्रापुरता. आठवड्यातून दोनदा भौतिकशास्त्राच्या शंका सोडवणारा शिक्षक लांज्यात किंवा रत्नागिरीत मिळत असेल तर मुलीला घरीच ठेवा. नसेल आणि पाठवायचंच असेल तर अकरावीच्या सुरुवातीला पाठवा. बारावीच्या मधेच जागा बदलली की नवी खोली, नवं जेवण आणि प्रॅक्टिकलची हजेरी यात दोन महिने जातात.

पावसाचं म्हणाल तर जूनच्या आधी मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका छापून घ्या. छापील कागद लाईटवर अवलंबून नाही, आणि परीक्षाही शेवटी कागदावरच आहे. मोबाईलवर चाचण्या देणारी मुलं ओएमआरवर, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेवर, अडखळतात ते वेगळंच. एसटीतला वेळ मात्र आकृत्यांसाठी चांगला: पाठकोऱ्या कागदावर नेफ्रॉन, भ्रूणकोश, हृदय अशा आकृत्या काढून नावांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि मनात भरत जायच्या.

प्रश्न: येत नसलेल्या प्रश्नावर तुक्का मारावा की सोडून द्यावा?
(विद्यार्थिनी, सावंतवाडी)

उत्तर: हिशेब करू. चारपैकी एकही पर्याय बाद करता येत नसेल तर २० तुक्क्यांत सरासरी ५ बरोबर: २० गुण मिळाले, १५ गेले, हाती ५. म्हणजे प्रश्नामागे पाव गुण, तेही सरासरीने; एखाद्या दिवशी २० पैकी दोनच लागले तर उलट १० जातील. एक पर्याय नक्की बाद झाला की प्रश्नामागे साधारण दोन तृतीयांश गुण. दोन बाद झाले की दीड. दोन पर्याय उरले तर उत्तर द्यायचंच.

हा हिशेब निव्वळ तुक्क्याचा आहे. अर्धवट आठवणारा प्रश्न त्याहून वाईट, कारण तिथे पर्याय नशीब निवडत नाही, प्रश्न काढणाऱ्याने लावलेला सापळा निवडतो. हायड्रोक्लोरिक आम्लाची तीव्रता १० चा वजा आठवा घात असेल तर पीएच किती? अर्धवट आठवणारा ८ लिहितो, आणि ८ पर्यायांत असतोच. पण आम्ल कितीही विरळ केलं तरी पीएच ७ च्या वर जात नाही. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरले की उत्तर सुमारे ६.९८ येतं. म्हणून सराव चाचणीत शंका असलेल्या प्रत्येक उत्तरापुढे छोटा टिंब कर आणि नंतर फक्त टिंबांचे गुण वेगळे मोज. सलग पाच चाचण्यांत टिंबांची बेरीज वजा येत असेल तर तुझ्यासाठी सोडणं बरं. हे प्रत्येकाचं वेगळं असतं, दुसऱ्याचा नियम लावू नकोस.

प्रश्न: दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. नीटचा पेपर मराठीत घेऊ का?
(विद्यार्थी, दापोली)

उत्तर: मराठी पर्याय निवडल्यास प्रश्नपुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, आणि भाषांतरात फरक आढळला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. प्रश्न असा की अकरावी-बारावीचं विज्ञान तू इंग्रजीतून शिकतोयस. मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका, मिऑसिसला अर्धगुणसूत्री विभाजन, मोमेंटमला संवेग हे दहावीत वाचलेलं आठवतं का बघ. आठवत असेल तर लांबलचक विधानांचे प्रश्न मराठीत पटकन कळतात आणि संज्ञा इंग्रजीतून ताडता येते. पण दोन्हीकडे बघत वाचण्यात वेळ जातो. आधी दोन पूर्ण चाचण्या दोन्ही भाषांत डोळे फिरवत दे, दोन फक्त इंग्रजीत दे, मिनिटं आणि गुण मोज आणि मग अर्जातला रकाना भर. अर्ज भरल्यावर यात मनासारखा बदल करता येईलच असं नाही.

प्रश्न: दुसऱ्यांदा नीट देतोय. सराव चाचणीत ३८० च्या आसपास अडकलोय, अभ्यासाचे तास वाढवूनही गुण वाढत नाहीत.
(विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर: ३८० हा आकडा उलगडून बघ. समजा १६५ प्रश्न सोडवले, १०९ बरोबर, ५६ चूक. ४३६ वजा ५६, झाले ३८०. आता या ५६ पैकी फक्त २० बरोबर आले तर प्रत्येकामागे वजा १ जाऊन ४ येतात, म्हणजे ५ गुणांचा फरक. २० प्रश्नांत १०० गुण. नवा धडा न वाचता ४८० होतात. म्हणून तुझं पुढचं काम त्या ५६ मध्ये आहे.

प्रत्येक चाचणीनंतर चुकांची वही भर. वहीत चार रकाने: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, आकडेमोड किंवा चिन्ह चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही. चौथ्या रकान्यात ‘चुकीचं विधान ओळखा’ हे ‘बरोबर विधान’ समजून सोडवलेले प्रश्न हमखास सापडतात. ज्या शब्दाने प्रश्न उलटतो त्याभोवती पेनाने गोल काढायची सवय लावली की हा रकाना तीन-चार चाचण्यांत रिकामा होतो. तिसऱ्या रकान्याला रोजची आकडेमोड. दुसऱ्या रकान्यातले धडे पुन्हा वाचू नकोस, समासातल्या प्रश्नांनी (वर देवगडच्या उत्तरात बघ) स्वतःला तपास: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी. पहिला रकाना भरलेला असेल तरच पुस्तक उघड.

दुसऱ्यांदा देणारी मुलं बहुतेक वेळा पहिला रकाना भरलाय असं समजून पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात. वाचलेलं ओळखीचं वाटतं, वाचताना बरंही वाटतं, आणि गुण तिथेच राहतात. आठवड्याला दोन पूर्ण चाचण्या पुरेत. तीन तासांच्या चाचणीला तपासणीचे किमान तीन तास. तपासणीला वेळ नसेल तर चाचणी देऊ नकोस.

वेळेची वाटणीही बघ. जीवशास्त्र ५० मिनिटं, रसायन ५०, भौतिक ६५, उरलेली १५ फिरून बघायला. जोड्या जुळवाच्या प्रश्नात चारही जोड्या लावत बसू नकोस. एक जोडी पक्की कर, ती नसलेले पर्याय खोड. बहुतेक वेळा दोनच उरतात.

प्रश्न: बीडीएसला किती गुण लागतात? आणि कागदपत्रं कधीपासून जमवायची? आम्ही गोव्याच्या हद्दीला आहोत, मुलगा बारावीला गोव्यात जायचं म्हणतोय.
(पालक, दोडामार्ग)

उत्तर: शेवटचा मुद्दा आधी, कारण तो उशिरा कळला तर दुरुस्त होत नाही. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण असावी लागते. सरकारी नोकरीतल्या बदल्यांसारखे काही अपवाद आहेत, पण कॉलेज जवळ पडतं हा अपवाद नाही. म्हापशाचं कॉलेज सावंतवाडीपेक्षा सोयीचं वाटलं तरी बारावी इकडेच करू द्या. बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय तुम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे, पण तिथल्या राज्य कोट्याला गोव्याच्या अटी लागतात; महाराष्ट्रातल्या मुलाला तिथे १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातूनच जावं लागतं.

गुणांचं: पात्रता गुण आणि प्रवेश मिळायचे गुण यांत बरीच गल्लत होते. खुल्या प्रवर्गाची पात्रता रेषा २०२३ साली १३७ होती, २०२४ साली १६२, २०२५ साली १४४. एवढ्या गुणांवर फक्त यादीत नाव येतं, शासकीय दंत महाविद्यालय मिळत नाही. शिवाय पेपर अवघड-सोपा झाला की गुण हलतात: २०२४ ला ७२० पैकी ७२० मिळवणारी मुलं होती, २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. त्यामुळे मागच्या वर्षीच्या गुणांवर अंदाज बांधू नका. राज्य सीईटी कक्षाच्या मागच्या निवड याद्यांत मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय महाविद्यालयं आणि मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय कुठल्या क्रमांकाला बंद झाली ते बघा. क्रमांकाचा अंदाज गुणांपेक्षा खरा ठरतो. खासगी महाविद्यालयं खेडला आणि नवी मुंबईत आहेत. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश राज्याकडून नव्हे, केंद्रीय समुपदेशन समितीकडून होतात आणि शुल्क बरंच जास्त असतं.

बोर्डाकडे दुर्लक्ष नको. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून बारावीला खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के लागतातच. नीटला चांगले गुण असून इथे अडलेली मुलं असतात.

कागदपत्रं बारावीच्या गणपतीआधीच काढायला घ्या: अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्न. जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ती पहिली. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेयर दोन नमुन्यांत लागतं, राज्याच्या प्रक्रियेसाठी राज्याचं आणि अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर नाव एकसारखं आहे का तेही आत्ताच ताडून बघा. आडनावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी ऐन पावसात तहसीलला खेपा पडतात. मुलगी असेल तर आणखी एक: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेवर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्थेच्या कोट्यातली जागा घेतली तर हा लाभ जातो, म्हणून घाईत तसा प्रवेश पक्का करू नका.

प्रश्न: दातांच्या कामाला हात लागतो म्हणतात. प्रवेशाच्या वेळी हाताचं कौशल्य तपासतात का?
(विद्यार्थिनी, कणकवली)

उत्तर: नाही. पण पहिल्याच वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचा असतो. वरचा मधला पटाशीचा दात घे: खरा दात सरासरी साडेतेवीस मिलिमीटर लांब, त्यात शिखर साडेदहा आणि मूळ तेरा. ठोकळ्यावर आधी समोरून आणि बाजूने आकृती काढायची, मग लेक्रॉनच्या कोरणीने जादा मेण थोडं थोडं उतरवायचं. एकदम खोल गेलं की ते भरून येत नाही, आणि पहिले काही दात सगळ्यांचेच इथे बिघडतात. नीट झाल्यावरच्या सुट्टीत आंघोळीच्या साबणाच्या वडीवर बोथट सुरीने हात बसव. त्याआधी या कामाला वेळ देऊ नकोस.

प्रश्न: बोर्ड संपल्यावर नीटपर्यंत किती वेळ मिळतो? त्यातच शिमगा येतो. परीक्षेच्या दिवसाबद्दलही सांगा.
(विद्यार्थी, मालवण)

उत्तर: नीट बहुतेक मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की सहा-सात आठवडे हाती. शिमग्याला पालखी घरी येईल तो दिवस सोड, मन लागत नाही आणि लागूही नये. पुढचे चार आठवडे फक्त लाल खुणांचे धडे (वर देवगडच्या उत्तरात बघ) आणि चुकांची वही. शेवटच्या दोन आठवड्यांत चाचणी दुपारी २ ते ५ याच वेळेत दे, मेच्या उकाड्यात, पंखा बंद ठेवून. जेवण त्या दिवसांत अकरा-साडेअकराला आणि हलकं. मालवणी जेवण दुपारी एकला पोटभर घेऊन दोनला पेपर लिहिता येत नाही, हे एकदा करून बघितलंस की पटेल.

केंद्र लांब असेल तर आदल्या दिवशीच जा. मेमध्ये चाकरमान्यांमुळे रेल्वे आणि एसटी दोन्ही भरलेल्या असतात, आणि फाटक दीडला बंद झालं की कुणाचंही ऐकत नाहीत. कपडे फिक्या रंगाचे, अर्ध्या बाह्यांचे. पायात चप्पल, बूट चालत नाहीत. पारदर्शक बाटलीत पाणी. प्रवेशपत्र, त्यावरच्या नमुन्यात चिकटवलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो, एक पासपोर्ट फोटो आणि मूळ ओळखपत्र. पेन केंद्रावर मिळतं.

पुस्तिका हातात आली की तिच्यावरचा संकेतांक आणि ओएमआरवरचा संकेतांक एकच आहे का ते आधी बघ. वेगळा असेल तर लगेच पर्यवेक्षकांना सांग, लिहायला सुरुवात करू नकोस. गोळे शेवटी एकदम भरायचे नाहीत. एका गोळ्याला तीन-चार सेकंद धरले तरी १८० गोळ्यांना नऊ ते बारा मिनिटं लागतात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत हात थरथरतो. एक पान सोडवलं की त्या पानाचे गोळे. प्रश्न सोडलास तर ओएमआरवर त्या क्रमांकाची ओळ बोटाने दाबून पुढच्या क्रमांकावर जा; एक ओळ घसरली की पुढची सगळी उत्तरं घसरतात, आणि बॉलपेनचा गोळा खोडता येत नाही.